बेस गिटारवरची ऑगमेंटेड मेजर स्केल: पंचम नसताना षड्ज कसा सांभाळावा?

मंद्रषड्ज (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार. शहापुरात हार्मोनियम शिकताना माझा कान तयार झाला, प्रवेशिकेपर्यंतच्या परीक्षा त्याच वाद्यावर दिल्या आणि पुढे कॉलेजात असताना बेस गिटार हाती आली. सध्या आम्ही काही जण मिळून मराठी आणि कन्नड कवितांना स्वतःच्या चाली लावतो. त्यांपैकी एका चालीत कीबोर्ड वाजवणाऱ्या मित्राने सी ऑगमेंटेड कॉर्ड (सी, ई आणि जी शार्प एकत्र) घातली आहे, आणि ती जाता जाता येऊन निघून जाणारी नाही. दोन संपूर्ण आवर्तने ती तशीच उभी राहते आणि मग चाल एफ मेजरवर उतरते. इतका वेळ नुसता सी ठोकत राहणे मला पटत नाही, म्हणून तिच्याखाली कोणते स्वर चालतील याचा नीट अभ्यास करायचा आहे.

मला शिकवणाऱ्यांनी त्यासाठी सी, डी, ई, एफ, जी शार्प, ए, बी अशी स्केल लिहून दिली. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पांढरी एक हा षड्ज. रे, ग, म शुद्ध. पांढरी पाच, म्हणजे पंचम (जी), पूर्णपणे वर्ज्य आणि तिच्या जागी काळी चार, म्हणजे जी शार्प. पुढे शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद. कागदावर हा बदल एका स्वराचा दिसतो. हातात घेतल्यावर मात्र नेहमीच्या मेजर स्केलची बोटे एफच्या पुढे अडतात, आणि त्याहून मोठी अडचण अशी की, चार-पाच वेळा वर-खाली गेल्यावर माझा कान सी सोडून ए या स्वराला षड्ज मानू लागतो. मोबाइलवरचा तानपुरा लावला तर त्यातला पंचम या काळी चारशी असा भिडतो की सराव पुढे नेणेच कठीण होते. ज्यांनी ही स्केल हातात बसवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चारतारी (खानापूर)

मंद्रषड्ज, आधी बोटांचे पाहू, कारण ती अडचण आज संध्याकाळीच सुटू शकते.

बेसच्या चार तारा खर्जाकडून ई, ए, डी, जी अशा; आपण सगळे मेजर स्केल ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर मधले बोट ठेवून शिकतो. तिथून सी, डी, ई, एफ ठीक जातात, कारण दुसऱ्या ते पाचव्या पडद्यापर्यंत चार बोटे आणि चार पडदे असा हिशेब जुळतो. जी शार्प मात्र डी तारेच्या सहाव्या पडद्यावर, म्हणजे त्या चौकटीच्या बाहेर जातो. तो जी तारेच्या पहिल्या पडद्यावरही मिळतो, पण त्यासाठी हात एक पडदा मागे न्यावा लागतो. दोन्हीकडे हात हलतो, आणि तोही नेमक्या त्या ठिकाणी जिथे एफ ते जी शार्प असे तीन पडद्यांचे अंतर एका झेपेत घ्यायचे असते.

म्हणून सुरुवात ई तारेच्या आठव्या पडद्यावरून करा. तोही तोच सी आहे. तिथे करंगळी ठेवा, म्हणजे तर्जनी आपोआप पाचव्या पडद्यावर येते. मग ए तारेवर पाचव्याला डी तर्जनीने, सातव्याला ई अनामिकेने, आठव्याला एफ करंगळीने. आता जी शार्प डी तारेच्या सहाव्या पडद्यावर मधल्या बोटाखाली तयारच आहे आणि त्याच्या लगत सातव्यावर ए अनामिकेखाली आहे. जे अंतर एका तारेवर ताणाचे वाटत होते ते इथे एक तार ओलांडून दोन पडदे मागे येते, आणि हात जागचा हलत नाही. शेवटी जी तारेवर चौथ्याला बी आणि पाचव्याला सी घेण्यासाठी तर्जनी एक पडदा मागे सरकवावी लागते, तेवढीच काय ती हालचाल.

आणखी एक गोष्ट, जी मला बोटांपेक्षा महत्त्वाची वाटते. गणेशोत्सवातले कार्यक्रम असोत, लग्नातला वाद्यवृंद असो किंवा कॅम्पातल्या चर्चमधले गायन, आपल्या भागात बेस वाजवणाऱ्याचा हात मूळ स्वर आणि त्याचा पंचम यांवर न सांगता जातो. ऑगमेंटेड कॉर्डखाली हीच सवय घात करते. वरती कीबोर्डवर जी शार्प वाजत असताना तुम्ही खाली जी दिलात, तर श्रोत्याला कारण कळणार नाही, पण काहीतरी बिघडले आहे हे कळेल. सी जर ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर घेत असाल तर त्याचा खालचा पंचम ई तारेच्या तिसऱ्यावर, म्हणजे अगदी शेजारी असतो. इथे तो चौथ्यावर न्या. ही दोन स्वरांची जोडी, सी आणि खालचा जी शार्प, हातात मुरेपर्यंत संपूर्ण स्केलकडे वळू नका.

काळीचार (निपाणी)

चारतारी यांनी दिलेली बोटे उत्तम आहेत. कान ए या स्वराकडे का ओढला जातो ते मी सांगतो, कारण मी मूळचा हार्मोनियमवाला आहे आणि हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना येतो.

तुम्हाला दिलेले सात स्वर ए या षड्जावरून म्हणून पाहा. सा, रे, कोमल ग, शुद्ध म, प, कोमल ध, शुद्ध नी. हा सरळ सरळ किरवाणीचा स्वरसमूह आहे, ज्याला पाश्चात्य संगीतात हार्मोनिक मायनर म्हणतात. तुमची स्केल म्हणजे त्याच किरवाणीच्या कोमल गांधाराला षड्ज मानून केलेली मूर्च्छना. तुमचा जी शार्प हा किरवाणीतला शुद्ध निषाद आहे आणि निषादाची ओढ त्याच्या षड्जाकडे, म्हणजे एकडे असणारच. तेव्हा तुमचा कान चुकत नाही. तो स्वरांचे जुने नाते अचूक ओळखतो आहे. सरावात त्याला नव्या नात्याची सवय लावायची आहे.

त्यासाठी दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे की, कोणतीही फिरत एवर संपवू नये. जी शार्पवरून एवर जाणे अपरिहार्य असते, पण तिथे थांबू नये. बी घेऊन सीवर यावे, किंवा जी शार्पवरूनच परत ईवर उतरावे. दुसरे असे की, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सी आणि सीच यावा. ऑगमेंटेड कॉर्डमध्ये सी ते ई चार अर्धस्वर, ई ते जी शार्प चार आणि जी शार्प ते वरचा सी पुन्हा चार, असे सप्तकाचे तीन समान भाग पडतात. त्यामुळे सी, ई आणि जी शार्प या तिघांपैकी कोणीही मूळ स्वर म्हणून शोभतो. बाराही स्वरांवर कॉर्ड बांधली तरी प्रत्यक्षात वेगळ्या अशा चारच कॉर्ड निघतात, त्या यामुळेच. मेजर कॉर्डमध्ये बेसने वेगळा स्वर धरला तरी कान मूळ स्वर शोधून काढतो. इथे तशी सोय नाही. तुम्ही समेवर ई दिलात की तीच कॉर्ड ई ऑगमेंटेड झाली. षड्ज कोणता हे ठरवणे संपूर्णपणे बेसच्या हाती आहे, आणि मला वाटते की या स्केलचा सगळा अभ्यास याच जबाबदारीचा अभ्यास आहे.

आता एफविषयी. तुमच्या स्केलमधला शुद्ध मध्यम त्या कॉर्डमधल्या ईला अर्ध्या स्वरावरून घासतो. वाटेत स्पर्श करून जायला तो चांगला आहे, थांबायला नाही. म्हणून जॅझ वाजवणारे बरेच जण अशा जागी मध्यमही तीव्र करतात: सी, डी, ई, एफ शार्प, जी शार्प, ए, बी. तिला लिडियन ऑगमेंटेड म्हणतात आणि ती मेलॉडिक मायनरच्या तिसऱ्या स्वरापासून निघते. पांढरी एकपासून काळी चारपर्यंत सगळी अंतरे पूर्ण स्वराची असल्याने तिचा चढ फार मोकळा वाटतो. पण तुमची चाल पुढे एफ मेजरवर उतरणार आहे, म्हणून तुमच्यासाठी शुद्ध मध्यमाचीच स्केल मला योग्य वाटते. पुढे येणारा एफ आधी पुसटसा कानावर पडलेला चांगला.

खर्ज (धारवाड, मूळ गाव नंदगड)

मी बेस वाजवत नाही, गायनाचा विद्यार्थी आहे. तानपुऱ्याचा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे, म्हणून लिहितो.

पंचम वर्ज्य असलेल्या रागांत आपण तानपुऱ्याची पहिली तार पंचमाला लावत नाही. मालकंसाला ती मध्यमाला लावतात, मारवा आणि पूरियाला निषादाला लावण्याची रीत आहे. तुमच्या स्केलसाठी मी निषादच सुचवेन. मध्यम लावला तर एफ इतका भारदस्त होतो की, सी हा एफचा पंचम वाटू लागतो, आणि चाल अजून एफवर पोहोचायची असताना कान तिथे आधीच जाऊन बसतो. निषाद मात्र सीकडे बोट दाखवतो. मोबाइलवरच्या तानपुऱ्यातही पहिली तार निषादाला लावण्याची सोय बहुधा असते, शोधून पाहा.

एवढ्याने भांडण पूर्ण मिटणार नाही, आणि का मिटणार नाही ते जाणून घेण्यासारखे आहे. खर्जाच्या तारेच्या पोटातच पंचम असतो. तार छेडली की मूळ नादासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे नादही उमटतात. त्यांपैकी तिप्पट कंपनांचा म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम आणि पाचपट कंपनांचा म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गांधार. मिरजेचा चांगला जवारी काढलेला तानपुरा ऐकताना गांधार आपोआप ऐकू येतो तो याच कारणाने. तुमच्या बेसवर हे हाताने तपासता येईल. ए तार मोकळी छेडा आणि सातव्या पडद्याच्या बरोबर वर, तार न दाबता, बोट फुलासारखे टेकवून उचला. जो ई घंटेसारखा वाजेल तो त्या तारेत आधीपासूनच होता. आता मोकळी ए तार वाजत ठेवून डी तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा एफ वाजवा. ए षड्ज धरला तर हा एफ म्हणजे चढवलेला पंचमच. तारेच्या पोटातला ई आणि तुमच्या बोटाखालचा एफ यांची ओढाताण स्पष्ट ऐकू येईल.

या स्केलची अस्वस्थता वरून लावलेली नाही. ती षड्जाच्या स्वतःच्या नादाशीच आहे. म्हणून पंचमाचा तानपुरा बंद करा, पण तानपुराच बंद करू नका. सरावाच्या आरंभी सी मोकळेपणाने वाजू द्या, त्यातला पंचम मनाने ऐका, आणि मग त्याच्या डोक्यावर जी शार्प ठेवा.

चारतारी (खानापूर)

खर्ज, तुमचे स्पष्टीकरण मी स्वतः बेसवर करून पाहिले आणि ते तंतोतंत पटले. एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. बेस वाजवणाऱ्याने या स्केलचा मुख्य सराव तानपुऱ्यावर करू नये, प्रत्यक्ष कॉर्डवर करावा. मित्राला सांगून कीबोर्डवर सी, ई, जी शार्प लांब धरलेले रेकॉर्ड करून घ्यावेत आणि तेच पुन्हा पुन्हा चालू ठेवावे. तानपुऱ्यावर तुम्ही षड्ज ऐकता. तो तयार मिळतो. काळीचार यांनी म्हटल्याप्रमाणे इथे षड्ज आपल्यालाच निर्माण करायचा आहे, आणि तयार षड्जावर सराव केला तर तो निर्माण करण्याची ताकद येत नाही.

खर्ज (धारवाड, मूळ गाव नंदगड)

तुमचे म्हणणे वादकाच्या बाजूने योग्य आहे. माझा आग्रह एवढाच की, तानपुरा आधी आणि कॉर्ड नंतर. जो षड्ज मनात स्थिर नाही तो हातातून येणार नाही.

बिनपडद्याचा (जांबोटी)

मी फ्रेटलेस, म्हणजे पडदे नसलेली बेस, वाजवतो आणि चोर्ला घाटाने गोव्यात कार्यक्रमांसाठी जाणे-येणे असते. वरच्या चर्चेत सुरांच्या सूक्ष्म जागांचा विषय राहिला आहे, तो मांडतो.

खर्ज यांनी सांगितलेला, तानपुऱ्यातून आपोआप येणारा गांधार हा षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). हार्मोनियम, कीबोर्ड आणि पडद्यांची बेस यांवरचा ई मात्र बरोबर ४०० सेंटांवर असतो, कारण तिथे सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. १९५१ साली लिओ फेंडर यांची प्रिसिजन बेस बाजारात आली आणि पडद्यांमुळे खर्जातला स्वर अचूक पकडणे कोणालाही शक्य झाले. ती अचूकता याच समान विभागणीची आहे. आता ऑगमेंटेड कॉर्ड म्हणजे एकावर एक रचलेले तीन गांधार. ते तिन्ही तानपुऱ्याच्या हिशेबाने शुद्ध घेतले तर बेरीज ११५९ सेंट होते, म्हणजे वरचा षड्ज ४१ सेंटांनी हुकतो. समान विभागणीत मात्र ४०० तीनदा घेतले की बाराशेचा षड्ज बरोबर जुळतो. म्हणजे तीन समान तुकड्यांची ही कॉर्ड पडद्यांच्या वाद्यावरच पूर्ण होते. गळ्यातल्या शुद्ध गांधारांनी ती पूर्ण होत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की, तानपुऱ्यावर सराव करताना पडद्यांवरचा ई थोडा चढा आणि जी शार्प थोडा विचित्र वाटला तर वाद्य बेसूर आहे असे समजून ट्यूनिंगच्या खुंट्या पिळत बसू नये. ८०० सेंटांवरचा जी शार्प हा तानपुऱ्याच्या हिशेबाने येणाऱ्या कोमल धैवताच्या, म्हणजे ८१४ सेंटांच्या, खाली पडतो. गायकीची सवय असलेला कान त्याला वर ढकलू पाहतो. फ्रेटलेसवर मी तो पुढे कुठे जाणार आहे यावरून ठरवतो. एवर जाणार असेल तर किंचित चढा ठेवतो. कीबोर्ड लांब धरून असेल तर काटेकोर कीबोर्डच्या बरोबर. मंद्रषड्ज, तुमचा कान हार्मोनियमवर घडला आहे, त्यामुळे तुम्हाला हा त्रास इतरांपेक्षा कमी होईल.

एक व्यावहारिक सूचना. ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा सी सुमारे ६५ हर्ट्झचा आहे. मोबाइलचा स्पीकर तो नाद जवळजवळ देतच नाही; कान वरच्या नादांवरून त्याची कल्पना करून घेतो. ज्या स्केलमध्ये भांडण नेमके त्या वरच्या नादांशी आहे, तिचा सराव अशा स्पीकरवर केला तर षड्जाचा पाया ऐकूच येणार नाही. चांगला हेडफोन किंवा छोटा ॲम्प्लिफायर वापरावा.

सीमेवरचा (चिकोडी)

ही चर्चा मी मन लावून वाचतो आहे. माझे एक कानडी सहकारी म्हैसूरकडचे असून कर्नाटक संगीतात वीणा शिकलेले आहेत. आपल्या उत्तर कर्नाटकात हिंदुस्थानी गायकीच घराघरांत असल्याने आम्हा दोघांच्या गप्पांत नेहमी काही नवे निघते. त्यांना ही स्केल दाखवली तेव्हा त्यांनी लगेच कीर्वाणी ओळखली, तिकडे ती २१वा मेळ (रागांचा मूळ स्वरसमूह) आहे. ग्रहभेद, म्हणजे षड्ज हलवून नवा स्वरसमूह काढणे, हा त्यांच्या नेहमीच्या अभ्यासाचा भाग आहे. कीर्वाणीच्या मध्यमाला षड्ज केले की हेमवती येतो, पंचमाला केले की वकुळाभरणम् आणि धैवताला केले की कोसलम्. पण रिषभ, गांधार किंवा निषाद यांना षड्ज केले तर नव्या षड्जाला पंचमच मिळत नाही, आणि सगळ्या ७२ मेळांत पंचम असायलाच हवा, म्हणून तिथून मेळ निघत नाही. तुमची ऑगमेंटेड मेजर ही त्यांतलीच गांधारावरची वाट आहे. हिंदुस्थानी संगीतातही, भातखंड्यांच्या दहाही थाटांत पंचम आहेच. मारवा रागात तो वर्ज्य असला तरी मारवा थाटात तो असतो.

हे सांगण्याचा हेतू असा की, आपल्या दोन्ही परंपरांनी पंचमाला अचल मानले आहे, आणि त्या परंपरांत वाढलेल्या माणसाला या स्केलमध्ये अधांतरी वाटणे स्वाभाविक आहे. ती शिकताना कोणत्या तरी रागाचा आधार शोधण्याऐवजी तिला बाहेरून आलेली पाहुणी म्हणून तिच्याच अटींवर ऐकावे असे मला वाटते. किरवाणीशी तिची तुलना समजण्यापुरती घ्यावी. वाजवताना किरवाणी मनात आली की ए षड्ज होऊन बसणार.

काळीचार (निपाणी)

सीमेवरचा, हा मुद्दा मोलाचा आहे. माझ्या प्रतिसादातले किरवाणीचे नाते केवळ कान ए या स्वराकडे का जातो हे समजावे म्हणून होते. सराव करताना किरवाणीचा आलाप आठवावा, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

मंद्रषड्ज (टिळकवाडी, बेळगाव)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. जे करून पाहिले ते नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

ई तारेच्या आठव्या पडद्यावरून बोटे खरोखर सहज जातात. करंगळीवरचा एफ आणि मधल्या बोटावरचा जी शार्प ही जोडी तर आता न पाहता लागते. तानपुरा निषादावर लावल्यावर आधीचा कर्कशपणा गेला. खर्ज यांनी सांगितलेला सातव्या पडद्यावरचा प्रयोग आमच्या तालमीच्या खोलीत सर्वांना करून दाखवला आणि त्यानंतर कीबोर्डवाल्या मित्राने स्वतःहून आपल्या डाव्या हातातला सी काढून टाकला. आता तो वरती फक्त ई, जी शार्प आणि बी धरतो. म्हणजे त्याच्या हातात साधी ई मेजर आहे आणि माझा खालचा सी आला की तिची सी ऑगमेंटेड मेजर सेव्हन होते. मी थांबलो तर कॉर्ड तत्काळ ई मेजर होऊन जाते. काळीचार म्हणत होते ती जबाबदारी यापेक्षा स्पष्ट कशी दिसेल, मला सांगता येणार नाही.

आता दोन शंका उरल्या आहेत. सी, ई, जी शार्प हे तीनच स्वर घेऊन बेसवर वर-खाली फिरायचे तर हाताला कोणता आकार लावावा? आणि दोन आवर्तनांच्या शेवटी एफवर उतरताना शेवटच्या मात्रांना काय वाजवावे, म्हणजे उतरणे अटळ वाटेल?

चारतारी (खानापूर)

पहिल्या शंकेचे उत्तर बेसच्या रचनेतच आहे. आपल्या चारही तारा एकमेकींपासून पाच अर्धस्वरांवर आहेत आणि ऑगमेंटेड कॉर्डचे प्रत्येक अंतर चार अर्धस्वरांचे आहे. म्हणून प्रत्येक वेळी पुढच्या तारेवर जा आणि एक पडदा मागे या. ई तारेवर आठवा, ए तारेवर सातवा, डी तारेवर सहावा, जी तारेवर पाचवा: सी, ई, जी शार्प, सी. करंगळीपासून तर्जनीपर्यंत चार बोटे चार तारांवर तिरकी उतरतात आणि संपूर्ण सप्तक हातात येते. गिटारवर दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेमधले अंतर वेगळे असल्याने ही तिरकी रेघ मोडते. बेसवर ती अखंड राहते. हाच आकार चार पडदे वर सरकवला की तेच तीन स्वर ईपासून सुरू होतात, आणखी चार सरकवला की जी शार्पपासून. हे नक्की करून पाहा, कारण एकाच आकारात तिन्ही जागांवर फिरतानाही सीच षड्ज वाटला पाहिजे, ही या स्केलची खरी परीक्षा आहे. मात्र हे तीन स्वर खालच्या पडद्यांवर एकत्र वाजवू नका. इतक्या खर्जात ते एकमेकांत मिसळून नुसती घरघर ऐकू येते. एकत्र ऐकायचेच असतील तर बाराव्या पडद्याच्या पुढे जा.

बिनपडद्याचा (जांबोटी)

त्यात एवढीच भर घालतो की, तिरकी रेघ वाजवताना मागचे बोट पुढचा स्वर लागताच उचलावे. चार तारांवर चार बोटे टेकलेली राहिली तर तारा घुमत राहतात आणि एकेक स्वर वेगळा ऐकू येत नाही. उजव्या हाताचा अंगठा ई तारेवर टेकवून ठेवण्याची सवय असेल तर इथे तो तारांबरोबर खाली सरकवत न्यावा, म्हणजे मागच्या तारा त्याच्याखाली शांत राहतील.

काळीचार (निपाणी)

दुसऱ्या शंकेविषयी. सी ऑगमेंटेडवरून एफ मेजरवर जाताना सी जागेवर राहतो, ई अर्धा स्वर चढून एफ होतो आणि जी शार्प अर्धा स्वर चढून ए होतो. दोन स्वर एकाच वेळी निषादासारखे वर ओढले जातात, म्हणून हे उतरणे इतके नैसर्गिक वाटते. आता तुमच्या मित्राच्या उजव्या हातात जी शार्प आहेच, तो एवर जाईल. त्याच वेळी तुम्हीही जी शार्पवरून एवर गेलात तर दोघांची ओढ एकाच जागी खर्च होईल आणि एफ कॉर्डचा मूळ स्वर एफ खाली ऐकूच येणार नाही.

म्हणून पहिल्या आवर्तनात सी समेवर आणि खालचा जी शार्प, म्हणजे ई तारेचा चौथा पडदा, मधल्या मात्रांवर, एवढेच ठेवा. दुसऱ्या आवर्तनात स्केल उघडा: सी, डी, ई, मग एफला स्पर्श करून जी शार्प, आणि तिथून ए टाळून परत खाली. शेवटच्या मात्रेला डी तारेच्या दुसऱ्या पडद्यावरचा ई घ्या आणि मित्राला सांगा की त्या एका मात्रेपुरता त्याने आपला ई सोडून जी शार्प आणि बी एवढेच धरावेत. तालमीत आधी ही शेवटची मात्रा निम्म्या लयीत, तुम्ही आणि कीबोर्ड दोघांनीच वाजवून घ्या. समेला तिसऱ्या पडद्यावरचा एफ तुम्ही आणि वरचा ए तो, असे बरोबर पडले की मगच तबला किंवा ड्रम्स आत घ्या.